इंजिनाचा कोन आणि सिंगापूरचं पाणी

मोटरबोट चालवणाऱ्याच्या हाती तीन गोष्टी असतात. एक स्टिअरिंग, दुसरा वेग कमीजास्त करणारा थ्रॉटलचा दांडा आणि तिसरं त्या दांड्याच्या मुठीवर, अंगठ्याखाली येईल असं बसवलेलं एक छोटं वर-खाली दाबायचं बटण. पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग मोटार चालवणाऱ्या कुणालाही लगेच उमगतो. तिसऱ्याला मात्र अनेक जण धक्का सोडल्यापासून परत येईपर्यंत हातही लावत नाहीत. हे बटण होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनाचा कोन बदलतं. थोडा कोन बदलणं म्हणजे ट्रिम आणि इंजिन पाण्याबाहेर येईपर्यंत उचलणं म्हणजे टिल्ट. वेगाची हौस असलेल्यांची ही चैन आहे, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. चालवणाऱ्याला समोरचं दिसणं, होडीने स्टिअरिंगचं ऐकणं आणि पंख्याने समुद्राचा तळ न खरवडणं या तिन्ही गोष्टी या कोनावर ठरतात. म्हणून सिंगापूरसारख्या गजबजलेल्या, उथळ कडांच्या समुद्रात त्याचं स्थान स्टिअरिंगच्या बरोबरीचं आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. आऊटबोर्ड इंजिन होडीच्या मागच्या फळीला ब्रॅकेटने पकडलेलं असतं आणि त्या ब्रॅकेटच्या वरच्या टोकाला ते बिजागरीसारखं झुलू शकतं. ब्रॅकेटच्या दोन बाजूंच्या मधल्या जागेत बॅटरीवर चालणारी एक लहान मोटर, तेलाचा पंप आणि हायड्रॉलिक सिलिंडर बसवलेले असतात. बटण वर दाबलं की पंप तेल एका बाजूला ढकलतो आणि सिलिंडरच्या दांड्या इंजिनाला मागे रेटतात. खाली दाबलं की मोटर उलटी फिरते आणि इंजिन होडीकडे आत येतं. बऱ्याच मध्यम व मोठ्या इंजिनांत हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिले सुमारे २० अंश जाड, आखूड दांड्या इंजिनाला पूर्ण जोराच्या वेळीही भक्कम आधार देतात. हा ट्रिमचा टप्पा. त्यापुढे एकटा लांब सिलिंडर इंजिनाला ७० अंशांच्या आसपास उचलतो, हा टिल्टचा. या दुसऱ्या टप्प्यात इंजिनाचा आधार कमी असतो, म्हणून तिथे थ्रॉटल जोरात उघडणं धोक्याचं. ही विभागणी लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जातं.

इंजिन आत घेतलं की पंख्याने फेकलेलं पाणी किंचित खालच्या दिशेने जातं. त्यामुळे होडीची मागची बाजू उचलली जाते आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दबतं. इंजिन बाहेर काढलं की उलट घडतं. मागची बाजू बसते आणि नाळ वर येते. धक्का सोडून मोकळ्या पाण्यात आल्यावर निघण्यापूर्वी इंजिन पूर्ण आत घ्यायचं ते यासाठी. थ्रॉटल उघडल्यावर होडी आधी स्वतःच्याच लाटेवर नाक वर करून चढू पाहते आणि त्या काही क्षणांत चालवणाऱ्याला समोर आकाशाशिवाय काही दिसत नाही. इंजिन आत असेल तर हे क्षण कमी होतात आणि होडी लवकर सपाट होऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून धावू लागते. मग बटण वर दाबायचं, पण टिचकी मारल्यासारखं, एका वेळी अर्धा सेकंद. प्रत्येक टिचकीनंतर थांबून पाहायचं. स्टिअरिंग हलकं होतं, थ्रॉटल तोच असताना वेग थोडा वाढतो, कडेने उडणारं पाणी पुढून मागे सरकत जातं, कारण होडीचा पाण्याला टेकलेला भाग कमी होत असतो. ट्रिमचा काटा मदत करतो, पण खरा निर्णय हाताला आणि कानाला येणाऱ्या खुणांवर घ्यायचा असतो.

कोन जास्त झाला की होडी स्वतः सांगते. नाळ ठरावीक तालात वर-खाली आपटू लागते. डॉल्फिनच्या उड्यांसारखी ही हालचाल दोन-तीन टिचक्या खाली दाबल्या की थांबते. थ्रॉटल वाढवून ती जात नाही. दुसरी खूण कानाला कळते. पंखा पृष्ठभागाच्या इतका जवळ येतो की वरची हवा आत ओढतो, इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि वेग मात्र वाढत नाही. अशा क्षणी होडीला पाण्याची पकड नसते, म्हणजेच स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. म्हणून जोरात वळण घेण्याआधी वेग कमी करून इंजिन थोडं आत घ्यायचं असतं. वळताना होडी एका अंगावर कलते, पंखा वर येतो, आणि आधीच बाहेर काढलेलं इंजिन अशा वेळी पाणी सोडून देतं. उलट टोकालाही किंमत मोजावी लागते. भर वेगात इंजिन पूर्ण आत ठेवलं तर नाळ पाण्यात रुतते, स्टिअरिंग जड होऊन एका बाजूला ओढ घेतं आणि होडी चालवणाऱ्याच्या मनात नसताना अचानक वळू शकते. त्या झटक्याने बसलेला माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो.

यावर एक साधा आणि पहिल्यांदा ऐकताना पटणारा आक्षेप येतो: दोन्ही टोकं वाईट असतील तर कोन मधोमध ठेवून विसरून जावं. या सवयीला इतिहास आहे. ओले एविनरूडची आऊटबोर्ड इंजिनं १९०९ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली, आणि पुढे अनेक दशकं इंजिनाचा कोन बदलायचा तर ब्रॅकेटच्या भोकांपैकी एका भोकात लोखंडी खीळ अडकवावी लागे. ते काम होडी थांबवून, इंजिन बंद करूनच करायचं. लहान इंजिनांवर आजही हीच खीळ असते. चालत्या होडीत बदल करता येत नसेल तर मधलं भोक निवडणं हेच शहाणपण. पण मधला कोन योग्य ठरतो तो ठरावीक वजन, ठरावीक वेग आणि ठरावीक लाट यांच्यासाठी, आणि समुद्रावर या तिन्हींपैकी काहीच ठरावीक राहत नाही. चार माणसं मागच्या बाकावरून उठून पुढे फोटो काढायला गेली की तोच मधला कोन नाळ दाबणारा ठरतो. टाकी अर्धी झाली, वाऱ्याची दिशा बदलली, तरी तेच.

सिंगापूरच्या पाण्यात हा बदल दर काही मिनिटांनी होतो. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी हे एक. इथे कोणत्याही वेळी सुमारे १,००० जहाजं असतात असं सांगितलं जातं, आणि २०२४ मध्ये या बंदराने ४ कोटींहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेला माल हाताळला. मरिना साऊथ पियरहून कुसू किंवा सेंट जॉन्स बेटांकडे निघालेली छोटी मोटरबोट नांगरलेल्या तेलवाहू जहाजांमधून, टग आणि पुरवठा होड्यांच्या वाटेतून, बाटाम-बिंतानला जाणाऱ्या वेगवान फेरींच्या आसपास वाट काढते. वारा नसला तरी पाणी सपाट नसतं. प्रत्येक मोठं धूड आपल्या मागे लाटांची रांग सोडून जातं. अशी लाट समोरून येते तेव्हा वेग उतरवून इंजिन थोडं आत घ्यायचं, म्हणजे नाळेची धार लाट कापते आणि होडीचा सपाट तळ पाण्यावर आपटत नाही. त्या आपटण्याने पुढे बसलेल्यांच्या मणक्याला इजा होऊ शकते. म्हणून ही गोष्ट केवळ आरामाची नाही. लाट मागून येते तेव्हा नेमकं उलट करायचं. नाळ खाली ठेवून होडी लाटेवरून उतरली तर पुढचं टोक समोरच्या लाटेच्या पाठीत घुसतं आणि मागची लाट होडीला आडवं फिरवते. हातगाडीचं पुढचं चाक खड्ड्यात अडकलं आणि मागून रेटा आला की गाडी जशी आडवी होते, तसं. तिथे इंजिन थोडं बाहेर, नाळ वर आणि वेग लाटेशी जुळता हवा. म्हणजे एकाच फेरीत, एकाच तासात, दोन विरुद्ध कोन लागतात. मधोमध ठेवलेलं इंजिन दोन्ही वेळी थोडं चुकीचंच असतं.

त्यात इथलं हवामान. नैर्ऋत्य मोसमात आणि दोन मोसमांच्या मधल्या महिन्यांत पहाटे किंवा सकाळी सुमात्रा बेटाकडून वादळी ढगांची रांग मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून येते. सिंगापुरात या वादळांनाच ‘सुमात्रा’ म्हणतात. त्यांच्या झोताचा वेग ताशी ४० ते ८० किलोमीटरपर्यंत जातो. वर काढलेली नाळ अशा वाऱ्याला आयतीच सापडते. हलकी होडी तिच्यामुळे भरकटते. शांत पाण्यात इंधन वाचवण्यासाठी बाहेर काढलेलं इंजिन झोत येण्याआधी आत घेणं, वेग कमी करणं आणि माणसांना खाली, मधोमध बसवणं ही तिन्ही कामं एका दमात व्हायला हवीत. ज्याचा अंगठा त्या बटणावर कधी गेलाच नाही, त्याला ते त्या क्षणी आठवेल अशी आशा धरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. आता कोन आपोआप बदलणाऱ्या यंत्रणा आहेत. मर्क्युरीची ॲक्टिव्ह ट्रिम, व्होल्वो पेंटाची पॉवरट्रिम असिस्टंट. मग माणसाने हे का शिकावं? या यंत्रणा चांगल्या आहेत, आणि नवशिक्या चालवणाऱ्याच्या होडीवर त्या असतील तर मला आनंदच आहे. नाळ उगाच आकाशात जाण्याचे क्षण त्या नक्की कमी करतात. पण त्या कशावरून ठरवतात ते पाहावं. मर्क्युरीची यंत्रणा इंजिनाचे फेरे आणि जीपीएसने मोजलेला वेग या दोन गोष्टींवर चालते. फेरीने मागे सोडलेली लाट दहा सेकंदांत आपल्याला गाठणार आहे हे त्या दोन आकड्यांत कुठेच नसतं. पुढे तीस मीटरवर पाण्याचा रंग हिरवट-तपकिरी झालाय, म्हणजे खाली प्रवाळ किंवा समुद्री गवत आहे, हेही त्यांत नसतं. म्हणून चालवणाऱ्याने बटण दाबलं की ही यंत्रणा ताबा त्याच्याकडे सोडते. बनवणाऱ्यांनीच शेवटचा शब्द माणसासाठी राखून ठेवला आहे. तो शब्द ज्याला उच्चारता येत नाही त्याच्या हातात ही सोय अर्धीच राहते.

आता टिल्ट. सिंगापुरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक ३ मीटरच्या आसपास जातो. मुंबईच्या मानाने तो कमी, पण उथळ कडांवर तेवढाही पुरेसा असतो. पुलाऊ हांतू ही मुळात जवळजवळ असलेली दोन बेटं. ओहोटीला त्यांच्यामधून माणूस चालत जाऊ शकतो. सकाळी तरंगत आत आलेली होडी दुपारी वाळूवर बसते ती अशा ठिकाणी. सायरीन रीफ तर आणखी फसवी. जुरोंग बेट, पुलाऊ बुकोम आणि पासिर पांजांगचं कंटेनर बंदर यांच्या मधोमध ही प्रवाळभिंत आणि समुद्री गवताचं कुरण पाण्याखाली असतं आणि ओहोटीलाच वर येतं. पुलाऊ उबिनच्या पूर्व टोकाचं चेक जावाही तसंच. भराव टाकून जमीन काढण्याचा तिथला बेत २००१ च्या डिसेंबरमध्ये लोकांच्या आग्रहामुळे पुढे ढकलला गेला, म्हणून ते आज आहे. अशा जागी पाणी उथळ होऊ लागलं की वेग अगदी कमी करून इंजिन टिल्टच्या टप्प्यात थोडं उचलता येतं. दोन अटी मात्र कडक आहेत. थंड पाणी आत घेणारी छिद्रं पाण्याखालीच राहिली पाहिजेत आणि इंजिनाच्या बाजूने सतत पडणारी बारीक धार चालू असली पाहिजे. ती धार तुटली तर इंजिन लगेच बंद करायचं. आतल्या पाण्याच्या पंपाचं चक्र रबराचं असतं आणि कोरडं फिरलं की ते थोड्याच वेळात जळतं. मग इंजिन तापून जाम होण्याचा धोका.

इथे एक मोह होतो, आणि त्याचं समर्थनही केलं जातं: टिल्ट असल्यामुळेच तर आपण उथळ पाण्यात जाऊ शकतो, मग गवताच्या कुरणापर्यंत गेलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. अर्धवट उचललेला पंखासुद्धा फिरताना तळाला चर पाडतो आणि मुळांसकट गवत उपटतो. फ्लोरिडाच्या उथळ किनाऱ्यावर पंख्यांनी पाडलेल्या अशा चरांचा बराच अभ्यास झाला आहे. ते भरून यायला अनेक वर्षं लागतात असं तिथे दिसलं. सिंगापूरच्या गवताच्या कुरणांत समुद्रगाय, म्हणजे ड्यूगाँग, चरून गेल्याच्या खुणा आढळतात. जगातल्या इतक्या मोठ्या बंदराच्या तोंडाशी हा प्राणी अजून चरतो, ही जपण्यासारखी गोष्ट आहे. टिल्टची सोय चुकून उथळात शिरलेल्याने बाहेर पडण्यासाठी आणि किनाऱ्याला लागताना पंखा वाचवण्यासाठी आहे, असंच मी मानतो. इंजिन उचलूनही तळ लागण्याची शंका आली तर ते बंद करून पूर्ण वर घ्यावं आणि वल्ह्याने होडी बाहेर काढावी.

होडी धक्क्याला बांधून ठेवतानाही टिल्टचा उपयोग आहे, आणि उष्ण कटिबंधात तो फार मोठा. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सव्वा अंशावरचं हे कोमट पाणी. त्यात बुडून राहिलेल्या धातूवर कालव, शिंपले आणि शेवाळ झपाट्याने चढतात. इंजिन पाण्यात सोडून दोन-तीन आठवडे गेले तरी पाणी आत घेणारी छिद्रं बुजू लागतात. म्हणून बांधलेल्या होडीचं इंजिन पूर्ण वर उचलावं, ब्रॅकेटला असलेली आधाराची कडी लावावी आणि मग बटण पुन्हा खाली दाबावं. हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात. इंजिनाचं वजन कडीवर आल्यावर खाली दाबलं की ट्रिमच्या त्या चकचकीत दांड्या आत ओढल्या जातात. बाहेर राहिल्या तर त्यांच्यावर कालवांची कडक कवचं चिकटतात. पुढच्या वेळी दांडी आत जाताना ती तेलाची सील फाडतात, आणि मग यंत्रणेतलं तेल थेंबाथेंबाने समुद्रात जातं. होडी पाण्याबाहेर रॅकवर ठेवायची असेल तर नियम उलटा: गोड्या पाण्याने आतून धुतल्यावर इंजिन उभं ठेवावं, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं.

पावसानंतर नदीमुखांकडून वाहून येणारे ओंडके आणि बंदरातले तुटके दोर ही इथली आणखी एक अडचण. टिल्टच्या सिलिंडरमध्ये यासाठी झटका सोसणाऱ्या झडपा असतात. पुढे जाताना ओंडका लागला तर त्या उघडतात, इंजिन वर उसळतं आणि पुन्हा खाली येतं. धक्का सगळा शोषला जातो असं नाही, पण मागची फळी फुटण्याचा धोका कमी होतो. मागे जाताना ही सोय कामाला येत नाही. म्हणून रिव्हर्समध्ये वेग अगदी कमी हवा.

सिंगापुरात मोटरबोट स्वतः चालवायची तर मेरिटाइम अँड पोर्ट ऑथॉरिटीचं पीपीसीडीएल हे लायसन्स लागतं. त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा असते. धक्क्याला लागणं, पाण्यात पडलेल्या माणसाला उचलून घेणं अशा प्रत्यक्ष परीक्षेच्या कसरती स्वाभाविकपणे हळू करायच्या असतात, आणि हळू चालताना ट्रिमचा परिणाम फारसा जाणवत नाही. तो जाणवतो परीक्षेनंतर, स्वतःच्या माणसांना घेऊन वेगात निघाल्यावर. इथल्या मराठी कुटुंबांपैकी कुणी हे लायसन्स घेत असेल, किंवा तारकर्ली-मालवणला आऊटबोर्ड होडी चालवायला शिकत असेल, तर त्याने शिकवणाऱ्याकडे अर्धा तास वेगळा मागून घ्यावा. मोकळ्या पाण्यात एकच वेग ठेवून बटणाने इंजिन ट्रिमच्या दोन्ही टोकांपर्यंत हळूहळू न्यावं आणि नाळ, स्टिअरिंग, आवाज यांत काय बदलतं ते स्वतः अनुभवावं. शिवाय होडी सुटण्याआधी ब्रॅकेटच्या बाजूला असलेला हाताने उघडायचा स्क्रू कुठे आहे ते बघून घ्यावं. बॅटरी उतरली आणि बटण दाबून काही होईनासं झालं, तर तो स्क्रू उजवीकडून डावीकडे सैल करून इंजिन हाताने खाली-वर करता येतं, आणि हवं त्या जागी आणल्यावर तो पुन्हा घट्ट करावा लागतो. त्यासाठी लागणारा स्क्रूड्रायव्हर होडीतच ठेवा.